चेफूचा हजेरीपट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे गावोगावच्या शाळांतून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. अमक्या सालची दहावीची तुकडी एकत्र येते, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ दिले जाते, शाळेला एखादा संगणक किंवा पाण्याची टाकी भेट मिळते आणि संध्याकाळच्या एसटीने मंडळी आपापल्या घरी परततात. हे सारे सोपे वाटते, कारण मेळाव्याला जे जे लागते ते सगळे जागेवरच असते. शाळेची इमारत असते, पटांगण असते, आणि पुष्कळांचे मूळ घरही त्याच पंचक्रोशीत असते.

पण समजा, ती शाळाच उरली नाही. ज्या देशात ती होती, त्या देशात परत जाण्याची वाटही बंद झाली. वर्गातली मुले इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी चहूकडे पांगली. तर त्यांनी एकमेकांना धरून राहायचे ते कशाच्या आधाराने? आणि मुळात धरून राहायचेच कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे देणारी एक खरी गोष्ट आहे, चीनमधल्या चेफू येथील शाळेची.

चेफू म्हणजे आजचे यंताई. चीनच्या शानतुंग प्रांताच्या किनाऱ्यावरचे हे बंदर. हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याने 1865 साली 'चायना इनलँड मिशन' ही संस्था काढली. नावाप्रमाणेच तिची माणसे बंदरे सोडून चीनच्या आतल्या प्रांतांत जाऊन राहत. चेफूची समुद्रावरची हवा चांगली, म्हणून आजारी मिशनऱ्यांसाठी संस्थेने तिथे आरोग्यधाम केले होते. आपल्याकडे साहेब लोक महाबळेश्वर-माथेरानला जात, तसेच काहीसे. तिथेच 1881 साली टेलर यांनी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. पुढे मुलांची, मुलींची आणि लहानग्यांची असे तिचे तीन विभाग झाले. ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन अशी नाना देशांची मुले तिथे एकत्र शिकू लागली. व्यापारी आणि वकिलातीतले अधिकारी यांचीही मुले येत. 'टाइम' साप्ताहिक काढणारे हेन्री ल्यूस आणि अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डर हे दोघेही लहानपणी काही काळ या शाळेत होते.

शिक्षण पूर्णपणे इंग्रजी वळणाचे होते. परीक्षा ऑक्सफर्डच्या आणि खेळ क्रिकेट-फुटबॉलचे. मुले सहा-सात वर्षांची झाली की शाळेत येत. आई-वडील शेकडो मैल आत, नदीतली होडी आणि खेचरगाडीच्या वाटेवर. त्यामुळे दर सुट्टीत घरी जाणे शक्यच नसे. काही मुलांना वर्ष-वर्ष आई-वडिलांचे दर्शन होत नसे. अशा मुलाला तुझे गाव कोणते म्हणून विचारले तर तो काय सांगणार? पारपत्रावर इंग्लंड लिहिलेले, पण इंग्लंड त्याने पाहिलेलेही नसे. जन्म चीनमधला, पण चीन त्याला आपला म्हणत नसे. मग 'आपले' म्हणायला उरत ती एकाच शयनगृहात शेजारच्या खाटेवर झोपणारी पोरे. भाऊबंदकी, पाहुणेरावळे, शेजारपाजार ही आपल्याकडची सगळी नाती त्या एका खोलीत गोळा झालेली असत.

शाळा सोडून गेलेल्यांची संघटना आणि त्यांचे नियतकालिक यांना इथे महत्त्व येते ते यामुळेच. वरवर पाहता अशा अंकात काय असते? अमक्याचे लग्न झाले, तमकीला मुलगा झाला, कोणाची बदली झाली, कोण निवर्तले. बाहेरच्या माणसाने तो चाळला तर कंटाळून बाजूला ठेवावा. पण ज्यांना गाव नाही, त्यांची चावडी हीच आणि पारही हाच. या साध्या अंकाने पुढे एकदा फार मोठे काम केले.

8 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरच्या हल्ल्याची बातमी आली आणि जपानी सैनिक चेफूच्या शाळेत शिरले. शानतुंगचा किनारा त्याआधीच जपानच्या ताब्यात होता. आता शाळेतले गोरे शिक्षक आणि मुले शत्रुराष्ट्राची माणसे ठरली. नोव्हेंबर 1942 मध्ये साऱ्यांना शाळेतून काढून गावातच टेंपल हिल नावाच्या आवारात कोंडण्यात आले. सप्टेंबर 1943 मध्ये त्यांना जहाजाने आणि रेल्वेने वेइशिएन येथील मोठ्या छावणीत नेले. हे वेइशिएन म्हणजे आजचे वेइफांग शहर. एका अमेरिकन मिशनच्या जुन्या आवाराला भिंती, विजेच्या तारा आणि पहाऱ्याचे मनोरे लावून ही छावणी केली होती. पेकिंग, तिएनत्सिन, त्सिंगताओ इथून पकडून आणलेली सुमारे दीड हजार माणसे तिच्यात होती. प्राध्यापक होते, व्यापारी होते, पाद्री होते, जाझ वाजवणारे होते, अफूचे व्यसनी होते.

या गर्दीत चेफूची कितीतरी मुले आई-वडिलांविना होती. त्यांचे पालक जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या चीनमध्ये अडकले होते. हडसन टेलर यांची पणती मेरी ही त्यांतलीच एक. 1941 साली ती नऊ वर्षांची होती. ती, तिची बहीण आणि दोन भाऊ अशी चारही भावंडे शाळेबरोबर कैदेत गेली. पुढे मोठेपणी मेरी प्रीव्हिट या नावाने त्यांनी त्या दिवसांविषयी पुष्कळ लिहिले. मुलांचे हाल झाले, पण शाळा बंद पडली नाही, असे त्या सांगतात. पेट्यांवर आणि गाद्यांवर बसून वर्ग चालत. जेवणात बहुधा काओलियांगची लापशी असे. काओलियांग म्हणजे आपल्या ज्वारीचीच बहीण. तिथे ती जनावरांना घालत. मुलांच्या हाडांना चुना मिळावा म्हणून डॉक्टर अंड्यांची टरफले जमवून त्यांची पूड करीत आणि ती चमचा-चमचा पाजीत. थंडीत कोळशाचा चुरा आणि माती कालवून मुले गोळे वळत. ढेकूण मारण्याच्या आणि उंदीर पकडण्याच्या चढाओढी लागत. राजवाड्यातल्या जेवणाचे शिष्टाचार निराळे आणि छावणीतले निराळे असे काही नसते, हे शिक्षिका पत्र्याच्या डब्यातून लापशी खाणाऱ्या मुलांना बजावत. ऑक्सफर्डच्या धर्तीच्या परीक्षाही छावणीत घेतल्या गेल्या आणि युद्धानंतर ऑक्सफर्डने त्यांचे निकाल ग्राह्य धरले.

याच छावणीत एरिक लिडेल होते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारे स्कॉटिश धावपटू, पुढे चीनमध्ये मिशनरी शिक्षक. 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटामुळे ते नंतर जगाला ठाऊक झाले. छावणीत ते मुलांना शिकवीत, त्यांचे खेळ घेत. 21 फेब्रुवारी 1945 रोजी मेंदूतील गाठीने तिथेच त्यांचा अंत झाला. सुटका अवघ्या सहा महिन्यांवर आली होती.

शाळेचा दुसरा एक छोटा भाग चीनच्या पश्चिमेला क्याटिंग येथे चालत होता. 1944 साली त्याला तिथून हलवावे लागले आणि ती मुले हिमालयावरून विमानाने हिंदुस्थानात येऊन कालिंपोंगला राहिली. म्हणजे एकाच शाळेचा एक वर्ग जपानी पहाऱ्यात आणि दुसरा दार्जिलिंगच्या डोंगरात, अशी तेव्हाची स्थिती होती.

17 ऑगस्ट 1945, शुक्रवार. जपानने शरणागती जाहीर करून दोनच दिवस झाले होते. छावणीवर एक अमेरिकन बी-24 विमान घिरट्या घालू लागले आणि त्यातून सात माणसे हवाई छत्र्यांनी शेजारच्या शेतात उतरली. आतल्या जपान्यांना युद्ध संपल्याचे पटले आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. कैद्यांनी मात्र वाट पाहिली नाही. बायका-पोरे, म्हातारे असे सारे फाटके, अनवाणी लोक दरवाजा ढकलून शेताकडे धावले. पहारेकऱ्यांनी गोळी झाडली नाही.

त्या सात जणांत जेम्स मूर नावाचा नौदलाचा एक तरुण अधिकारी होता. हा मूर स्वतः चेफूच्या शाळेचा माजी विद्यार्थी! अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचा हा मुलगा चीनमध्ये वाढला आणि याच शाळेत शिकला. प्रीव्हिट यांनी लिहून ठेवले आहे, की आपली सगळी शाळा जपान्यांच्या कैदेत असल्याचे मूर यांना अमेरिकेत समजले ते माजी विद्यार्थ्यांच्या त्या नियतकालिकातून. पुढे ते अमेरिकेच्या गुप्तवार्ता दलात आले, चीनमध्ये पोचले, आणि वेइशिएनची मोहीम निघाली तेव्हा ते तिच्यात होते. लग्ने, जन्म, बदल्या छापणाऱ्या एका अंकाने कुठल्या कुठे असलेल्या माणसाला सांगितले होते, की तुझी माणसे संकटात आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांचे सहसा एवढेच काम असते, असे आपण म्हणतो, की वर्षातून एकदा जेवण आणि भाषणे. पण यादी ठेवणे हे त्यांचे खरे काम आहे. ती यादी कधी कशाला उपयोगी पडेल, हे ती करणाऱ्यालाही माहीत नसते.

सुटका झाली. 11 सप्टेंबर 1945 रोजी मेरी आणि तिची भावंडे आई-वडिलांना भेटली, ती साडेपाच वर्षांनी. नंतर मुले आपापल्या देशांत गेली. चेफूतले शाळेचे आवार पुन्हा शाळेला मिळाले नाही. पुढे ते चिनी नौदलाकडे गेले. 1947 ते 1951 शाळा कुलिंग या थंड हवेच्या ठिकाणी चालली. मग नव्या कम्युनिस्ट राजवटीत परदेशी मिशनऱ्यांना चीन सोडावा लागला. चेफूचे नाव पुढे मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्स इथल्या शाळेने चालवले. 2001 साली तीही बंद झाली. माजी विद्यार्थी मात्र एकमेकांना लिहीत राहिले, भेटत राहिले. त्यांच्याजवळ इमारत नव्हती, पटांगण नव्हते. होती ती फक्त नावे आणि पत्ते.

या नावांतून पुढचा शोध निघाला. मेरी प्रीव्हिट न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाल्या होत्या. कॅम्डेन परगण्यात अल्पवयीन गुन्हेगारांना ठेवण्याच्या गृहाच्या त्या प्रमुख होत्या. 1997 साली त्या राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवीत होत्या. तेव्हा चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर लढलेल्या जुन्या सैनिकांच्या एका मेळाव्याला जाण्याचा योग त्यांना आला. त्या सातांची नावे त्यांच्यापाशी होती. मेळाव्यात त्यांनी ती एकेक करून वाचली आणि विचारले, यांतले कोणी इथे आहे का? उत्तर आले नाही. पण सैनिकांनी शोधाच्या वाटा दाखवल्या. मग सुरू झाले ते नावानिशी पत्ते मिळवणे, पत्रे आणि अनोळखी घरांत केलेले दूरध्वनी.

काही महिन्यांत सहा जणांचा ठावठिकाणा लागला. रेमंड हँचुलॅक आणि पीटर ऑर्लिच हयात नव्हते. त्यांच्या पत्नी सापडल्या. ऑर्लिच यांच्या पत्नीने तर हवाई छत्रीच्या कापडाचा एक तुकडा जपून ठेवला होता. त्यावर सुटकेचे दृश्य भरतकामाने काढलेले होते. टॅड नागाकी नेब्रास्कात भेटले. ते बीटची शेती करणारे जपानी वंशाचे अमेरिकन. त्याच युद्धात अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबले होते, आणि इकडे एक जपानी वंशाचा सैनिक जपानच्या छावणीतल्या मुलांना सोडवायला उतरला होता. मोहिमेचे प्रमुख स्टॅन्ली स्टायगर, जेम्स हॅनन आणि चेफूचे मूर हेही सापडले. प्रीव्हिट केवळ आभाराचे पत्र पाठवून थांबल्या नाहीत. त्या देशभर हिंडून प्रत्येकाच्या घरी गेल्या. बावन्न वर्षांपूर्वी ज्या मुलींनी या माणसांच्या सह्या, गणवेशाची बटणे आणि डोक्याच्या केसांच्या बटासुद्धा आठवण म्हणून मागून घेतल्या होत्या, त्यांच्यातलीच एक आता साठी उलटलेली बाई म्हणून दारात उभी होती.

राहिला सातवा. एडी वांग या नावाने ओळखला जाणारा वांग चेंगहान, या तुकडीचा चिनी दुभाषा. तोही त्याच विमानातून, तेवढ्याच धोक्यात उडी मारून उतरला होता. सहा अमेरिकन महिन्यांत सापडले. या सातव्याला शोधायला त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षे लागली. अमेरिकन सैनिकांच्या संघटना होत्या, त्यांच्या याद्या होत्या. वांग यांच्यासाठी असे काहीच हाताशी नव्हते. अखेर 2015 साली त्यांच्या कुटुंबीयांकडूनच धागा जुळला. ते चीनमधल्या ग्वेयांग शहरात राहत होते. 2016 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, प्रीव्हिट विमानाने चीनला गेल्या आणि नव्वदी ओलांडलेल्या वांग यांना भेटल्या. 2019 साली प्रीव्हिट यांचे निधन झाले. त्याआधी यादी पुरी झाली होती.

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा सातव्याचा आहे. चेफूच्या हजेरीपटावर जवळजवळ सगळी नावे गोऱ्या मुलांची होती. शाळा चीनमध्ये होती, पण चिनी मुलांसाठी नव्हती. स्वयंपाकी, नोकर आणि हमाल मात्र चिनीच होते. छावणीतही तेच. भिंतीवरून चोरून अंडी पुरवणारे शेतकरी चिनी होते आणि पकडले गेले तर त्यांच्या जिवावर बेतत असे. टरफलांची पूड खाऊन ज्या मुलांची हाडे धरली, त्या टरफलांमागे हे लोक होते. त्यांची नावे कुठल्याही अंकात छापली गेली नाहीत. माजी विद्यार्थ्यांचे जाळे कितीही घट्ट विणले तरी ते आपल्याच माणसांपुरते असते. त्याच्या बाहेरच्या माणसाचे ऋण फेडायचे तर कोणीतरी जाणूनबुजून जाळ्याबाहेर पाऊल टाकावे लागते. प्रीव्हिट यांनी ते टाकले.

अशा शाळांतून शिकलेल्या सगळ्यांच्याच आठवणी गोड नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आईपासून सहाव्या वर्षी दूर होणे ही काही छोटी गोष्ट नव्हे. मायदेश आणि राहता देश या दोन्हींच्या मधल्या जगात वाढणाऱ्या मुलांना समाजशास्त्रज्ञ 'थर्ड कल्चर किड्स', म्हणजे तिसऱ्या संस्कृतीची मुले म्हणतात. ही संज्ञा रूथ हिल उसीम या अमेरिकन अभ्यासिकेची. 1950 च्या दशकात त्या पतीसह भारतात आल्या, इथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना त्यांना ही कल्पना सुचली. मसुरीची 1854 सालची वुडस्टॉक, कोडाईकनालची 1901 सालची शाळा ही आपल्याकडची अशी ठिकाणे. मराठी मुलखात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांची मुलेही अशाच शाळांत वाढली. आजच्या काळात पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे अनेक देशांची मुले-मुली दोन वर्षे एकत्र राहतात, आणि त्यांत आता भारतीय मुले त्याच वर्गात, त्याच पटावर असतात. चेफूच्या आणि आजच्या शाळेतला हा फरक लहान नाही.

2005 साली, सुटकेला साठ वर्षे झाली तेव्हा, वेइफांग नगरपालिकेने जुन्या कैद्यांना सन्मानाने बोलावले. पतंगांसाठी नावाजलेल्या त्या शहरात सत्तरी-ऐंशीतली ती 'मुले' जगभरातून जमली. ज्या गावाच्या भिंतीबाहेरचे त्यांना कधी दिसले नव्हते, त्या गावच्या लोकांनी त्यांचे स्वागत केले. कदाचित चेफूच्या माजी विद्यार्थ्यांना गाव मिळाले ते त्या दिवशी.

आज संपर्काची साधने आपल्या खिशात आहेत. दहावीच्या वर्गातला कोण कुठे आहे, हे पाच मिनिटांत कळते. रोज सकाळी शुभेच्छांची चित्रेही येतात. त्यामुळे यादी ठेवण्याचे काम आपोआप होते असे आपल्याला वाटू लागले आहे. पण यादी राखणे म्हणजे चौकशी करणे. कोणाचा निरोप बऱ्याच दिवसांत आला नाही? कोण मेळाव्याला येत नाही, आणि का? पुढच्या वेळी आपल्या शाळेच्या मेळाव्याची यादी कराल तेव्हा आणखी एक रकाना ठेवा. घंटा देणारे शिपाईमामा, वसतिगृहात भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, परीक्षेच्या दिवशी सायकलवरून सोडणारा शेजारच्या वाडीतला कोणी, यांची नावे हजेरीपटावर कधीच नव्हती. ती आधी लिहून काढा. पत्ते मग शोधता येतात. कधी कधी त्याला अठरा वर्षे लागतात, एवढेच.